डाय एक, पीस वीस

ठाण्याहून येणारी गाडी दिघा गाव स्टेशनात थांबते आणि पाच मिनिटं रस्ता माणसांनी भरून जातो. मग ओसरतो, पुढची गाडी येईपर्यंत. रविवारची संध्याकाळ, त्यामुळे डब्याच्या पिशव्या कमी आणि पोरंबाळं जास्त. कडेला पालेभाजीवाल्या मावशी, मोबाईलची कव्हरं विकणारा, वडापावची गाडी आणि त्याच ओळीत एक घडीचं टेबल. टेबलामागे दोन बांबूंना दोरी ताणली आहे, दोरीवर लाकडी चिमट्यांनी कागद लटकवलेत. काळ्या शाईतली चित्रं. लोक चालता चालता मान वळवतात, दोन पावलं पुढे जातात आणि त्यातला एखादा मागे फिरतो, कारण चित्रात त्याला ओळखीचं काहीतरी दिसलेलं असतं.

‘हा आपला डॅम ना?’

‘हो काका. इलठणपाड्याचा.’

काका चष्मा कपाळावर चढवून कागदाला नाक लावतात. धरणाची भिंत, भिंतीवर बसलेली दोन उघडी पोरं, मागे पारसिकचा डोंगर. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून इंग्रजी अमदानीत रेल्वेसाठी बांधलेलं हे धरण. इंजिनं गेली, पाणी राहिलं. ‘मी पोहायला इथंच शिकलो,’ काका सांगतात. ‘बापाने बदडून काढलं होतं.’ मग खरा प्रश्न येतो. ‘केवढ्याला?’

‘बाराशे.’

‘कागदाचे?’

मुलगी हसते. हा प्रश्न तिला नवा नाही. ती इथलीच, ईश्वरनगरात वाढलेली. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या, पुढे चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि लिनोकटवर येऊन थांबली. त्याचं कारणही ती आडपडदा न ठेवता सांगते: एचिंगला प्रेस लागतो, लिथोला दगड आणि प्रेस दोन्ही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत यातलं काहीच मावत नाही. लिनोला हाताच्या चार पटाश्या, एक रोलर, शाईची ट्यूब आणि घरातला स्टीलचा चमचा पुरतो.

टेबलावर भागीदार आणखी दोघं आहेत. एक विशीतला मुलगा, टॅबवर चित्रं काढून ती जाड मॅट कागदावर छापून आणतो: खाडीतले रोहित पक्षी, उच्चदाबाच्या तारांचे मनोरे, पावसातली लोकल. दुसरे पेंटरकाका. यांनी कधीकाळी इथल्या कंपन्यांच्या गेटवरचे ‘धूम्रपान सक्त मनाई’ रंगवलेत, टेम्पोच्या मागे मोर काढलेत, दुकानांच्या पाट्या लिहिल्यात. फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. आता ते समोर स्टूल ठेवून कोळशाच्या कांडीने पाच-सात मिनिटांत चेहरा काढून देतात, दीडशे रुपयांत. आजचा सगळ्यात मोठा गल्ला त्यांचाच आहे आणि बाकी दोघांना त्याबद्दल यत्किंचितही खंत दिसत नाही. स्टुलाभोवती गर्दी जमते म्हणूनच दोरीकडे नजर जाते, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

हे स्टेशन झालं १२ जानेवारी २०२४ ला. त्याआधी ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्याहून सुटली की थेट ऐरोली. तेव्हा ही मुलगी चित्रांची नळकांडी घेऊन रिक्षाने ऐरोली गाठायची, तिथून ठाणे, तिथून सीएसएमटी, आणि मग चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. आत भिंत मिळवायची तर वर्षानुवर्षांची वाट. बाहेरच्या फुटपाथवर मात्र चित्रकार आपली चित्रं रेलिंगला टेकवून बसतात. तिथे ती अजूनही अधूनमधून जाते. ‘तिकडे लोक विचारतात, कितीपैकी कितवा? इकडे विचारतात, कागदाचे?’ ती म्हणते. दोन्ही प्रश्न तिला सारखेच रास्त वाटतात. मलाही वाटतात, किंबहुना दुसरा जास्त.

सहाच्या सुमाराला ती शेवटची छपाई काढायला घेते. धरणाच्या चित्राच्या वीस प्रती काढायच्या ठरल्या होत्या, एकोणीस झाल्या, विसावी इथे सगळ्यांसमोर. काचेच्या तुकड्यावर शाईची रेघ पडते. रोलर आडवा-उभा फिरू लागतो. आधी शाई नुसती चिकटते, मग पातळ पसरते आणि रोलरचा आवाज बदलतो, चटचट असा बारीक. ‘हा आवाज आला की शाई तयार,’ ती कुणाला उद्देशून न म्हणता म्हणते. लिनोच्या तुकड्यावर रोलर फिरतो. कोरून काढलेला भाग कोरडा राहतो, उरलेला काळा होतो. धरणावरची पोरं ब्लॉकवर डावीकडे बसली आहेत, छापून येताना उजवीकडे जातील. खाली ‘दिघा’ ही दोन अक्षरं उलटी कोरली आहेत, वेलांटीसकट.

मागे उभा असलेला पन्नाशीचा एक गृहस्थ पुढे सरकतो. हातात दुधाच्या पिशव्या, शर्टाच्या खिशात पेन.

‘मिररमध्ये काढलंय.’

‘हो.’

‘आमच्या पंचवर नंबर असाच मारावा लागतो.’ तो टूलरूममध्ये आहे, तुर्भ्याच्या बाजूला. दिघ्यापासून खाली ठाणे-बेलापूर रस्त्याने एमआयडीसीचा जो पट्टा पसरलाय त्यात प्रेसशॉप, टूलरूम, छापखाने पुष्कळ. या रस्त्यावरून जाणाऱ्या बऱ्याच माणसांनी एका साच्यातून हजार नग काढण्यात हयात घालवलेली आहे. म्हणूनच बहुधा इथे जे घडतं ते काळ्या घोड्यावर घडताना मी पाहिलेलं नाही: कुणीही ‘यातलं ओरिजिनल कोणतं?’ असं विचारत नाही.

कागद ब्लॉकवर ठेवताना ती श्वास रोखते. दोन खुणांना दोन कोपरे जुळवते, सोडते, आणि मग चमच्याची पाठ फिरवायला लागते. मधून कडेकडे, बारीक गोल गोल. चमचा गरम होतो, ती बोट बदलते. एक कोपरा हलकेच उचलून आत बघते. आभाळाच्या काळ्यात बारीक पांढरे ठिपके राहिलेत. कोपरा तसाच खाली टेकवून त्या जागी पुन्हा घासते.

‘प्रेशर कमी पडतंय तिथं,’ टूलरूमवाले सांगतात.

‘हाताने एवढंच पडतं, काका.’

कागद निघतो. धरण उमटलेलं असतं, पोरं उजवीकडे, ‘दिघा’ सुलटं. दोन-चार मोबाईल वर होतात. टूलरूमवाले मात्र चित्राकडे न बघता दोरीवरची एकोणिसावी प्रत बघतात, मग ही, मग पुन्हा ती. हा माणूस दोन नग शेजारी ठेवून पास-नापास ठरवणारा. ‘डाय एक, पीस वीस. बरोबर? आणि ही डाय अजून किती चालेल?’

‘बरीच. शंभर तरी निघतील.’

‘मग वीसच का?’

हा प्रश्न गॅलरीत कुणी विचारत नाही. तिथे आकडा लहान असणं हाच मान. मुलगी पेन्सिलने कागदाखाली डावीकडे २०/२० लिहिते, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. मग मान वर करून सरळ सांगते: ‘शंभर काढले तर बाराशेला कोण घेईल?’

‘म्हणजे माल कमी, भाव जास्त.’

‘हो.’

‘आमच्याकडे असं केलं तर मालक हाकलून देईल!’ सगळे हसतात, तीही हसते.

गृहस्थांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे छापील चित्र घरात आलं तेच मुळी भरमसाठ संख्येने. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याने छापखाना काढला, जर्मन तंत्रज्ञ आणले, तो पुढे मळवलीला नेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींवर कुणी ‘इतक्यापैकी इतकावी’ लिहिलं नाही. दलाल आणि मुळगावकरांची चित्रं दिवाळी अंकांवरून, कॅलेंडरांवरून स्वयंपाकघरापर्यंत पोचली. संख्या बांधून घेण्याची रीत आली ती संग्राहकाच्या बाजारातून. तिचं काळ्या घोड्यावर काम आहे. दिघ्याच्या रस्त्यावर ती थोडी पाहुणीच. अंधेरीत राहून चित्तप्रसादने लिनोवर राबणारी माणसं आणि राबणारी मुलं कोरली, ती काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हे. लिनो हा पदार्थही मूळचा जमिनीवर अंथरायचा, जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा घालून केलेला. त्याला फार मानपान सोसत नाही.

मुलीने यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. मोठी चित्रं मोजून वीस. पोस्टकार्डाएवढी लहान चित्रं मात्र हवी तितकी, नंबर नाही, शंभर रुपयांना एक. हंडा घेतलेली बाई, गॅलरीत वाळणारे कपडे, कंपनीच्या गेटवर झोपलेलं कुत्रं. कुत्रं सगळ्यात जास्त खपतं.

एक तरुण जोडपं मोठ्या लोकलच्या चित्रापाशी बराच वेळ घुटमळतंय. ‘घेऊ या की,’ ती म्हणते. ‘लावणार कुठे? मालक खिळा ठोकू देत नाही,’ तो म्हणतो. भाड्याच्या खोलीत एकच खिळा असतो आणि त्यावर कालनिर्णय असतं. नाहीतर कंपनीने फुकट दिलेलं कॅलेंडर. इथल्या चित्रकाराचा खरा स्पर्धक हा. टॅबवाल्या मुलाजवळ त्यावरही इलाज आहे: पाठीमागे पुठ्ठा आणि दुहेरी चिकटपट्टी, भिंतीचा रंग न उखडणारी. ‘गॅरंटी?’ ‘रंग चांगला असेल तर.’ जोडपं त्याचंच एक घेतं, लोकलचं नव्हे, रोहित पक्ष्यांचं, कारण ते गुलाबी आहे. क्यूआर कोडशेजारचा डबा मोठ्याने पैसे मिळाल्याचं जाहीर करतो आणि पालेभाजीवाल्या मावशी स्वतःच्या डब्याकडे बघतात.

‘वारली नाही का?’ एक बाई विचारतात. हॉलमध्ये वारलीच हवं आहे, पडद्याला मॅचिंग. मुलगी नाही म्हणते. ‘येतं गं तुला, त्रिकोण तर काढायचे!’ ती पुन्हा नाही म्हणते, जरा घट्ट आवाजात. ते ज्यांचं आहे त्यांनी काढावं, डहाणूकडे जिव्या सोमा मशेंच्या घरातली माणसं आजही काढतात, त्यांच्याकडून घ्या. बाईंना हे नाव ठाऊक नाही. त्यांना उत्तराचा राग येत नाही, पण त्या काही घेतही नाहीत. एक गिऱ्हाईक गेलं. पेंटरकाका कोळसा झाडत पुटपुटतात, ‘आमच्या काळात जे मागतील ते काढायचो.’ त्यावर कुणी काही बोलत नाही.

मग ती ब्लॉक पुसते, पटाशी उचलते आणि धरणाच्या भिंतीवरून, पोरांच्या अंगावरून, डोंगरापर्यंत तिरकी एक चर मारते. खोल. दुसरी उलट्या बाजूने. फुली.

‘अगं बाई! चांगली फळी कशाला खराब केलीस?’ पालेभाजीवाल्या मावशी अर्ध्या उठतात. ‘मला दिली असतीस. चित्रापेक्षा तीच छान दिसते.’

‘पुन्हा छापायची नाही असं लिहून दिलंय ना मावशी, वीस जणांना.’

‘कोण बघायला येतंय?’

‘डाय स्क्रॅप केली,’ टूलरूमवाले मावशींना समजावतात. ‘ऑर्डर पुरी झाली की करतात. नाहीतर मागून कोणीही पीस काढील.’ मघाशी वीसच का म्हणून भांडणारे हेच गृहस्थ आता तिची बाजू लढवतात. बाजार त्यांना पटलेला नाही, शिस्त पटलेली आहे. मावशींना दोन्ही पटत नाही.

धरणवाले काका बाराशेचं चित्र काही घेत नाहीत. शंभराची दोन घेतात, कुत्रं आणि हंडेवाली, आणि निघताना पुन्हा एकदा धरणाकडे बघतात. ‘ते राहू दे तिथंच. पगार झाला की बघू,’ म्हणतात, जणू काही दोरी रोज तिथेच असणार आहे. ती रोज नसते. टेबल मिनिटभरात घडी होतं, चित्रं प्लायच्या दोन तुकड्यांत सरकतात. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की तेवढाच वेळ हातात असतो. आज गाडी आलेली नाही.

टूलरूमवाल्यांच्या दुधाच्या पिशव्या एव्हाना घामेजल्यात. घरून दोनदा फोन आलाय. तरी ते जात नाहीत. रद्द केलेली एक प्रत मागून घेतात, ती उलटी करून टेबलावर ठेवतात आणि खिशातल्या पेनने एक चौकट काढतात. दोन उभे चॅनेल, वर आडवा, खाली जाड प्लेट.

‘बॉटल जॅक बसवायचा मधे. ट्रकचा असतो ना, तो. खाली दाबेल. चमच्याने किती दिवस घासणार?’

‘प्लेट वाकणार नाही?’

‘वीस एमएमची टाकली तर नाही वाकत. तुमचा मोठ्यात मोठा ब्लॉक केवढा?’

ती हाताने माप दाखवते. ते मान हलवतात, हाताचं माप त्यांना चालत नाही. टॅबवाला मुलगा पट्टी शोधून देतो. बारा इंच बाय अठरा. आकडे चौकटीत पडतात.

‘वेल्डिंगवाला माझ्या ओळखीचा आहे, रामनगरात. चॅनेल भंगारात बघू, किलोवर मिळतो. जॅक तेवढा नवा घ्या, जुना गळतो.’

‘खर्च किती येईल, काका?’

‘आधी वजन काढू द्या,’ ते म्हणतात आणि कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार मांडायला लागतात.