दोन बोटांवरचं विमान

 

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं. २०१६ मध्ये त्याची बातमी बाबांनी मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "आपण रिमोटवालं करू." ते राहूनच गेलं. गेल्या दिवाळीत डोंबिवलीला घरी गेले, तेव्हा त्यांनीच आठवण काढली.

थर्माकोलचा पंख १ मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद. पुढे मोटर, शेपटीसाठी दोन सर्व्हो. बॅटरी मी जागा दिसली तिथे, पंखामागे बसवली.

"आधी तोलून बघ," बाबा म्हणाले.

"बाबा, इंजिनिअरिंगला कोण आहे?"

कल्याणजवळच्या माळावर विमानाने नाक वर केलं, क्षणभर थांबलं आणि कोसळलं.

असं का झालं? अशा साध्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. आमच्या विमानात ५ ते साडेसहा सेंटीमीटरवर. तो मागे गेला की शेपटीला नाक आवरत नाही. नाक फार वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल कमी होते.

बाबा कारखान्यात फिटर. त्यांनी पंख चिकटवला, बॅटरी पुढे सरकवली आणि पंखाखाली दोन बोटं धरली. विमान तोलून राहिलं, नाक किंचित खाली.

पुढच्या रविवारी ते उडालं. मी रिमोट बाबांच्या हातात दिला. 'इंजिनिअरिंगला कोण' हे पुन्हा विचारलं नाही.