ताऱ्यांचे फोटो काढायला कॅमेरा घेताय? मग मेगापिक्सेल विचारूच नका

मे २०२१ मध्ये चंद्राचा एक रंगीत फोटो जगभर फिरला होता. निळसर, तपकिरी छटा असलेला, खड्डे न् खड्डे स्पष्ट दिसणारा चंद्र. तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. तो काढला होता पुण्याच्या प्रथमेश जाजू या १६ वर्षांच्या मुलाने. ३ मेच्या मध्यरात्रीनंतर सुरुवात करून चारेक तासांत त्याने सुमारे ५० हजार फ्रेम घेतल्या. डेटा भरला १८६ जीबी. पुढे ते सगळं जोडायला आणि साफ करायला आणखी काही दिवस गेले.

५० हजार हा आकडा तेव्हा खूप गाजला. त्याच्या कॅमेऱ्याचा आकडा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय १२० एमसी-एस हा तो कॅमेरा. १.२ मेगापिक्सेलचा! तुमच्या खिशातल्या फोनवर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं.

मग एवढा तपशील आला कुठून? टेलिस्कोपमधून चंद्र बघितला तर तो पाण्याखालच्या नाण्यासारखा हलताना दिसतो, कारण मधली हवा थरथरत असते. त्यावर उपाय म्हणजे एक उत्तम फोटो काढायच्या भानगडीत न पडता व्हिडिओ घ्यायचा आणि हवा क्षणभर स्थिर झाली तेवढ्याच फ्रेम निवडून एकावर एक रचायच्या. यासाठी लागतो भराभर फ्रेम देणारा छोटा कॅमेरा. मेगापिक्सेल इथे जवळजवळ बिनकामाचे.

पण हाच कॅमेरा घेऊन तुम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर आकाशगंगेचा फोटो काढायला गेलात तर हात हलवत परत याल. त्याचा सेन्सर नखापेक्षाही लहान, आणि लॅपटॉप जोडल्याशिवाय तो चालतच नाही. म्हणून "कोणता कॅमेरा घेऊ?" याच्या आधीचा प्रश्न आहे, "कशाचा फोटो काढणार, आणि कुठून?"

आधी डहाणूचं आकाश बघू

डहाणू साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग, म्हणजे धनू राशीच्या दिशेचं केंद्र, इथून क्षितिजाच्या वर ४१ अंशांपर्यंत चढतो. लंडनमध्ये तो जेमतेम दहा अंशांवर येतो. ब्रिटिश यूट्यूबर बघून कॅमेरा निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्यापेक्षा आपल्याला आयतंच जास्त मिळालेलं आहे.

१९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि नव्या उद्योगांवर मर्यादा आल्या. त्यामुळे उजेडाचे मोठे ढग आपल्या दोन बाजूंना दिसतात. दक्षिणेला बोईसर-तारापूर, उत्तरेला उमरगाव-वापी. पश्चिमेला समुद्र, म्हणजे मासेमारी बोटींचे दिवे सोडले तर अंधार. संध्याकाळी मावळतीला जे असेल ते किनाऱ्यावरून छान मिळतं. ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू असाच पश्चिमेच्या संधिप्रकाशात दिसला होता.

आकाशगंगेचं केंद्र मात्र आग्नेयेला उगवतं. बोर्डी-घोलवडच्या वाळूत उभं राहिलात तर त्या बाजूला वस्तीचे दिवे येतात. त्यासाठी आत जावं लागतं, जव्हारच्या दिशेला. जाण्याआधी गावात कुणाला तरी, शक्यतो पोलीस पाटलांना, सांगून ठेवा. रात्री दोन वाजता माळावर तीन पायांचं यंत्र लावून बसलेल्या अनोळखी माणसांकडे कोणीही संशयानेच बघणार, आणि त्यांचं चुकत नाही.

हंगामही बघा. पावसाळ्याचे चार महिने गेलेच. मार्चच्या मध्यात हे केंद्र रात्री पावणेदोनच्या सुमारास उगवतं, मेच्या मध्यात पावणेदहाच्या सुमारास. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ जवळपास रात्रभर वर असतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरले तर वर्षात कामाच्या रात्री फार थोड्या उरतात. एवढ्या रात्रींसाठी कर्ज काढून फुल फ्रेम घ्यायचा का, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते, पहिल्या वर्षी तरी नको.

तर मग घ्यायचं काय?

आकाशगंगेसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या: सेन्सर केवढा आणि लेन्सचं तोंड केवढं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी, म्हणजे नेहमीच्या परवडणाऱ्या डीएसएलआर आणि मिररलेसमधला, साधारण २३ बाय १५ चा. नवशिक्यासाठी एपीएस-सी पुरतो, जुना वापरलेलाही चालतो.

लेन्समध्ये मात्र काटकसर नको. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सचं तोंड १८ मिलिमीटरवर एफ ३.५ असतं. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळपास पावणेचार पट प्रकाश आत घेते. म्हणजे जुनी बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नवी बॉडी आणि किट लेन्स या जोडीवर सहज मात करते. दुकानदार हे सांगेलच असं नाही, कारण त्याला बॉडी विकायची असते.

आता पृथ्वीच्या फिरण्याचं. आकाश तासाला १५ अंश सरकतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. यावर जुना ठोकताळा असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा, एपीएस-सी असेल तर आणखी दीडने. १८ मिलिमीटरला १८ सेकंद येतात, ५० मिलिमीटरला जेमतेम साडेसहा. नव्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर याहून कमीच धरा. जास्त मेगापिक्सेल म्हणजे बारीक पिक्सेल, आणि बारीक पिक्सेलवर रेघ लवकर दिसते. मेगापिक्सेलची हौस इथे उलट अंगावर येते.

एवढ्या कमी वेळात अंधुक गोष्टी येत नाहीत, म्हणून पुन्हा प्रथमेशचाच मार्ग: खूप फोटो काढा आणि एकावर एक रचा. १६ फोटो रचले की दाणेदारपणा चौपट कमी होतो, १०० रचले की दहापट. सिरिल, डीपस्कायस्टॅकर, सीक्वेटर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यामुळे कॅमेऱ्यात तीन गोष्टी हव्याच: रॉ फाइल, पूर्ण मॅन्युअल मोड आणि ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय. तिसरी नसेल तर बाहेरून इंटरव्हलोमीटर लावता येतो, तो स्वस्तात मिळतो.

घाटातल्या वाऱ्यात काटकुळा ट्रायपॉड थरथरतो आणि सगळी रात्र वाया जाते. पैसे उरले तर लेन्सनंतर ट्रायपॉडवर घाला. आकाशासोबत फिरणारा ट्रॅकर हे त्यापुढचं पाऊल. तो ध्रुव ताऱ्याकडे रोखावा लागतो. डहाणूत ध्रुव फक्त २० अंशांवर असतो, तोही उमरगाव-वापीच्या उजेडाच्या दिशेला. ताडाच्या झाडाआड किंवा बंगल्याच्या भिंतीआड तो सहज लपतो, तेव्हा जागा आधी उजेडात बघून ठेवा.

नुसता चंद्र हवा असेल तर वेगळा हिशोब. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा फोकल लेंग्थच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. २५० मिलिमीटरच्या लेन्सवर सव्वादोन मिलिमीटर. फोटोच्या रुंदीच्या दहावा हिस्सा! म्हणून चंद्र आणि ग्रहांसाठी छोटा टेलिस्कोप आणि त्याला लावायचा प्रथमेशसारखा छोटा कॅमेरा हाच सरळ रस्ता.

आणि फोन? गुगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये ताऱ्यांचा मोड दिला, तो १६-१६ सेकंदांचे १५ फोटो काढून स्वतःच रचतो. तुमच्या फोनमध्ये असं काही असेल तर आधी तो दगडाला टेकवून एक हंगाम काढा. आवड टिकते का, हे त्यातच कळेल.

उकाडा, दव आणि बुरशी

यूट्यूबवर याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त नडतं.

सेन्सर गरम झाला की फोटोत खोटे रंगीत ठिपके येतात. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की हा त्रास साधारण दुप्पट होतो. मेच्या रात्री आपल्याकडे हवाच तापलेली असते. उपाय फुकटचा आहे: फोटो काढून झाले की लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर वीसेक फोटो घ्यायचे. सॉफ्टवेअर त्यातले ठिपके ओळखून खऱ्या फोटोतून वजा करतं.

हिवाळ्यात दव. तासाभरात लेन्सवर धुकं बसतं आणि पुढचे सगळे फोटो पांढरट. पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळायचा. घरी आल्यावर खारट हवेचा कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवायचा. नाहीतर दोन पावसाळ्यांत लेन्समध्ये बुरशी धरते.

जुना कॅमेरा घ्यायला मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात गेलात तर तिथेच तपासा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर नको. मग झाकण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. दोन-चार ठिपके चालतील, आकाश भरेल एवढे नकोत. शटर किती वेळा उडालंय तेही विचारा.

त्याहूनही आधी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून बघा. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करतं, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. एका रात्रीत दहा जणांची उपकरणं बघायला मिळतात, त्यांच्या तक्रारींसकट.

एक गोष्ट मात्र फार लांबवू नका. मेमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास डहाणूच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला बघितलं तर क्षितिजाच्या वर जेमतेम सात अंशांवर त्रिशंकू दिसतो. हवा स्वच्छ असेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तो पूर्ण मावतो. त्याच बाजूला वाढवण आहे. तिथल्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं आहे, आणि कंटेनर बंदरं रात्रभर दिवे लावून चालतात.