परिक्रमेला निघण्यापूर्वी सॅक काट्यावर ठेवा

दसरा उलटला की आमच्यासारख्या डॉक्टरांकडे एक वेगळीच मंडळी येऊ लागते. यांना खोकला नसतो, ताप नसतो. नर्मदा परिक्रमेला निघायचे असते आणि प्रकृतीचा दाखला हवा असतो. बहुतेक जण नुकतेच निवृत्त झालेले. रक्त, लघवी, ई.सी.जी. सगळे आधीच करून फाईल लावून आणतात. ती फाईल चाळून झाली की मी विचारतो, "सॅक किती किलोंची झाली?" यावर उत्तर येते, "असेल की सात-आठ किलो." प्रत्यक्ष काट्यावर ती बारा-तेरा किलोंच्या खाली क्वचितच भरते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरातून कोणी ना कोणी परिक्रमा केलेली असेल, पण ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर सव्वीसशे किलोमीटरच्या वर चाल होते, आणि वाटा वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. चातुर्मास संपला की लोक निघतात. ओंकारेश्वरहून निघालेला माणूस नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्राकडे जातो, नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरतो, उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत चढतो आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला येतो. शास्त्रात तीन वर्षे तीन महिने तेरा दिवस सांगितले असले तरी हल्ली पायी जाणारे बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत पुरी करतात. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. पंचवीस किलोमीटर चालायला साधारण पस्तीस हजार पावले पडतात. सॅकमध्ये जास्तीचा एक किलो असेल तर तो या पस्तीस हजार पावलांना गुडघ्यांनी उचलायचा असतो. त्यातही गुडघ्यावर येणारा दाब सपाटीवरच वजनाच्या दुपटी-तिपटीने वाढतो, उतारावर त्याहून अधिक.

मग ओझे असावे तरी किती? शाळेच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात म्हटले आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसानेही स्वतःला हाच नियम लावावा असे माझे मत आहे. आपले वजन साठ किलो असेल तर पाण्याशिवायची सॅक सहा किलोंची. पाणी, खाऊ सगळे धरून नऊ किलोंच्या, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या पुढे कधीही नको. धडधाकट जवान मुले याहून पुष्कळ जास्त उचलतात हे खरे. पण ती मुले चार दिवसांनी घरी येतात, तुम्हाला चार महिने चालायचे आहे.

वजन करायला खास साधन लागत नाही. घरी माणसाच्या वजनाचा काटा असेल तर एकदा सॅकसह आणि एकदा सॅकशिवाय उभे राहावे आणि वजाबाकी करावी. मात्र या काट्यात अर्ध्या किलोची चूक सहज होते. किराणा दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. रद्दीवाल्याचा ताणकाटाही चालेल, त्याला सॅक अडकवायला सोपी पडते. (त्याच्या काट्यावर सॅक हलकी भरली तर हुरळून जाऊ नये, इतकेच!) आमच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांचा काटा आहे, तो दहा-दहा ग्रॅमचा फरक दाखवतो. सबंध सॅक एकदम ठेवून उपयोग नाही. एकेक वस्तू ठेवायची आणि वहीत आकडा लिहायचा. असे केल्याशिवाय चोर सापडत नाही.

गेल्या काही वर्षांत आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे उदाहरण देतो. बाईंचे वजन चोपन्न किलो आणि सॅक अकरा किलो सहाशे ग्रॅम. आम्ही दोघे वही घेऊन बसलो. पहिली निघाली रजई, दोन किलो तीनशे. तिच्या जागी अकराशे ग्रॅमची स्लीपिंग बॅग आली. सुनेने प्रेमाने दिलेले लाडू-चिवड्याचे स्टीलचे डबे दीड किलोंचे होते. बाई म्हणाल्या, "पहिल्या चार दिवसांत संपेल हो." मी म्हटले, "बाई, डबे नाही ना संपणार." शेवटी दोनशे ग्रॅम शेंगदाणे-गूळ ठेवला. पंजाबी ड्रेस सहा होते, ते तीन झाले, बाराशे ग्रॅम वाचले. नऊशे ग्रॅमच्या पोथीऐवजी गुटका आवृत्ती मिळाली. तीन सेलचा टॉर्च जाऊन डोक्याला बांधायचा छोटा दिवा आला. औषधांचे खोके, तेलाची बाटली, पावडरचा डबा मिळून अर्धा किलो कमी झाले. सॅक सहा किलो तीनशेवर आली, लिटरभर पाणी धरून सात किलो तीनशे. पोथीवरून थोडी कुरबुर झाली, पण बाई साडेपाच महिन्यांनी हसत परत आल्या.

यातली थंडीची बाब मात्र हलक्यात घेऊ नये. सातपुड्यात आणि अमरकंटकच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. उघड्या धर्मशाळेत झोपावे लागते. तेव्हा वजन वाचवण्याच्या नादात पांघरूण सोडून जाऊ नये. पाठीखालीही काहीतरी हवे, कारण फरशीचा गारठा खालून चढतो. फोमची घडीची चटई तीन-चारशे ग्रॅमचीच असते. कानटोपी, एक स्वेटर, मोजे. घोंगडीला मी नाही म्हणतो. ऊब उत्तम, पण भिजली की उचलवत नाही. जीनची पँटही तशीच. कोरडीच पाऊण किलोची, आणि धुतली तर दोन दिवस वाळत नाही. जाड टर्किश टॉवेलऐवजी पंचा न्यावा, तो अंघोळीला, डोक्याला, गळ्याला आणि वेळ पडली तर झोळी म्हणूनही चालतो.

भांड्याकुंड्यांची चिंता आता फारशी उरलेली नाही. काठावरचे आश्रम आणि गावकरी तयार जेवण देतात, काही ठिकाणी सदावर्त म्हणून कोरडा शिधा मिळतो. तिघा-चौघांत मिळून एक हलके पातेले पुरे. स्टोव्ह वगैरे कोणी नेऊ नये.

पाण्याचे गणित सोपे आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. गावागावांतून जाताना एक लिटर पुरते, कारण पुढे हातपंप किंवा घर येतेच. शूलपाणीच्या झाडीत, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरांतून जाताना आणि समुद्राच्या नावेवर बसताना मात्र दोन लिटर घ्यावे. ती नाव भरती-ओहोटीवर अवलंबून असते, काही तास सहज जातात आणि सगळीकडे खारे पाणी. स्टीलच्या बाटलीचे स्वतःचेच वजन तीनशे-चारशे ग्रॅम असते हे ध्यानात ठेवावे.

आता सॅक स्वतः. दुकानदार साठ-सत्तर लिटरची सॅक दाखवतो आणि "काका, मोठीच घ्या, मोकळी राहू द्या" म्हणतो. मोकळी जागा कधीही मोकळी राहत नाही. पस्तीस ते चाळीस लिटर पुरेशी. रिकामी सॅक दीड किलोच्या आत असावी. कमरेला रुंद, गादीचा पट्टा हवाच. हा पट्टा पोटावर नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मग बराचसा भार खांद्यांवरून कंबरेवर आणि तिथून थेट पायांवर जातो. पट्टा नसेल तर सगळे वजन खांद्यांवर येते. खांद्याच्या पुढून हाताकडे जाणाऱ्या नसा त्या दाबाने चेपल्या जातात. हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात आणि कधी हात वर उचलवत नाही. इंग्रजीत याला रुकसॅक पाल्सी असे नावच आहे. मुंग्या येऊ लागल्या तर सॅक उतरवावी, पट्टे नीट लावावेत, वजन कमी करावे. "सवय होईल" म्हणून रेटू नये. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये येतील अशा ठेवाव्यात, स्लीपिंग बॅग तळाला. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेल्या की माणूस तोल सावरायला पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. बायकांनी सॅक पाठीच्या लांबीप्रमाणे पाहून घ्यावी, नवऱ्याची जुनी सॅक पाठीवर टाकून निघू नये.

पायातल्या वजनाकडे सहसा कोणी पाहत नाही. पायात घातलेला एक किलो हा पाठीवरच्या एक किलोपेक्षा चार ते सहा पट जास्त दमवतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणून घोट्यापर्यंतचे जड कातडी बूट या वाटेला नकोत. हलके, जाड तळव्याचे, चालायचे बूट घ्यावेत. ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतो, आणि नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्यावेत. निघण्यापूर्वी ते पायात घालून शंभरएक किलोमीटर तरी चालून झालेले असावे.

इथे मला एका रुग्णाबद्दल लिहिलेच पाहिजे. एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, वय अठ्ठावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा. दाखला त्यांनी कोणाकडूनही घेतला नव्हता. सॅक तेरा किलोंच्या वर आणि पायात दुकानातून थेट घातलेले नवे जड बूट. आठव्या दिवशी अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे त्यांना दुखलेच नाही. मोज्याला ओल लागलेली दिसली ती आणखी पाच दिवस चालल्यावर. घरी येईपर्यंत बोट काळे पडले होते आणि ते काढावे लागले. पाय वाचला यातच समाधान मानायचे. त्यांची श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही, पण ते आता बसने परिक्रमा करतात.

म्हणून मधुमेही वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. ती गेलेली असेल तर अनवाणी चालण्याचा संकल्प करू नका. नर्मदामैया रागावणार नाही. सॅकमध्ये वीस-तीस ग्रॅमचा छोटा आरसा ठेवा आणि रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या पाहा. फोड आला तर स्वतः सुई लावू नका, त्या गावी थांबा आणि डॉक्टर गाठा. दिवसभर चालल्याने साखर एकदम उतरते, त्यामुळे गोळ्यांचे आणि इन्सुलिनचे प्रमाण आधी ठरवून घ्या. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर हवी, सॅकच्या तळाशी नको. वापरात असलेले इन्सुलिन तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. ते कपड्यांच्या मधोमध गुंडाळावे, बाहेरच्या खिशात उन्हात ठेवू नये.

औषधांची पिशवी तीनशे ग्रॅमच्या आत बसते. आपली नेहमीची औषधे महिनाभराची आणि सोबत चिठ्ठी, तीत औषधाचे मूळ नाव लिहून घेतलेले, कारण तीच कंपनी डिंडोरीला मिळेलच असे नाही. पॅरासिटामॉलच्या दहा गोळ्या, सेट्रिझिन, जलसंजीवनीची चार पाकिटे, पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब, गॉज, कागदी चिकटपट्टी, बुरशीचे मलम. बाकी खोकी घरी ठेवा, नुसत्या पट्ट्या न्या. वेदनाशामक गोळ्यांची रोज सकाळी एक अशी सवय लावून घेणारे परिक्रमावासी मी पाहिले आहेत. उन्हात शरीरातले पाणी कमी झालेले, वर रक्तदाबाची गोळी आणि त्यात या गोळ्या, यात मूत्रपिंडाचे नुकसान होते. गुडघा रोज गोळी मागत असेल तर सॅक उघडून पाहावी. जंगलपट्टीत मलेरिया असतो, तेव्हा एकट्यापुरती हलकी मच्छरदाणी आवश्यक. थंडी वाजून ताप आला तर पुढे न चालता रक्त तपासावे, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

दंड हातात घ्यायची आपली जुनी रीत वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे. उतारावर गुडघ्याचा भार तो वाटून घेतो. पाव-अर्धा किलोचा बांबू इथे खुशाल वाढू द्यावा.

एवढे करून सॅक ठरली की निदान सहा आठवडे सराव करावा. पहिल्या आठवड्यात दोन किलो तांदूळ घालून रोज पाच किलोमीटर, मग दर आठवड्याला एक किलो आणि थोडे अंतर वाढवत जावे. शेवटच्या पंधरवड्यात पूर्ण भरलेली सॅक घेऊन लागोपाठ तीन दिवस पंधरा-वीस किलोमीटर चालून पाहावे. एकच दिवस चालून काही कळत नाही. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलते.

वाटेला लागल्यावर आठ-दहा दिवसांनी सॅक पुन्हा एकदा रिकामी करावी. एवढ्या दिवसांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती बाजूला काढावी. औषधे, दिवा आणि पावसाचे प्लास्टिक एवढे मात्र सोडून. बाकीचे जवळच्या गावातून टपालाने पार्सल करून घरी पाठवावे किंवा आश्रमात देऊन टाकावे. त्याच पार्सलमध्ये संपत आलेल्या औषधांची यादी घालावी आणि पुढे वीस दिवसांनी ज्या मोठ्या गावी पोहोचाल तिथले नाव लिहावे, म्हणजे घरच्यांना ती वेळेवर पाठवता येतात.