संभाव्य विजेते ठरतात तरी कसे?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यती असल्या की त्या दिवशीच्या अंकात क्रीडा पानाच्या एका कोपऱ्यात संभाव्य विजेत्यांचा रकाना हमखास असतो. प्रत्येक शर्यतीपुढे तीन नावे, शेवटी 'दिवसाचा सर्वोत्तम घोडा' आणि जमल्यास जॅकपॉटची निवड. बहुतेक वाचक ही नावे तेवढी टिपून घेतात आणि त्यांच्यावरची दोन-चार वाक्ये सोडून देतात. वास्तविक खरी माहिती त्या वाक्यांतच असते. नावे हा केवळ निष्कर्ष. तो कोणत्या आधारावर काढला, हे कळल्याखेरीज त्यावर किती विसंबायचे ते ठरवता येत नाही.

'सर्वांत चांगला घोडा कोणता' हा प्रश्न या रकान्यात फारच क्वचित सोडवायचा असतो. याचे कारण हॅण्डिकॅप पद्धतीत आहे. आपल्याकडील बहुसंख्य शर्यती या पद्धतीने होतात. क्लबचा हॅण्डिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीनुसार गुण देतो आणि त्या गुणांवरून घोड्याचा वर्ग ठरतो. चौथ्या वर्गात, उदाहरणार्थ, २० ते ४६ गुणांचे घोडे धावतात. वर्गातील फरक मिटवण्यासाठी पाठीवरचे वजन वापरले जाते. एका गुणाला अर्धा किलो, असा हिशेब. ४४ गुणांच्या घोड्याच्या पाठीवर ५९ किलो असतील, तर ३४ गुणांचा घोडा ५४ किलो घेऊन धावतो. सर्व घोडे एकाच वेळी विजयरेषेवर यावेत, हे हॅण्डिकॅपरचे आदर्श स्वप्न. भाकीत करणारा पत्रकार म्हणजे त्या स्वप्नातील फट शोधणारा माणूस.

ही फट अनेक ठिकाणी सापडते. एखादा घोडा मागील शर्यत सहज जिंकलेला असतो. त्याचे गुण वाढतात, वजन वाढते, कधी तो वरच्या वर्गात जातो. तेथे त्याच्या पाठीवर कमी वजन येते, पण प्रतिस्पर्धी अधिक तगडे असतात. आता प्रश्न असा, की त्याची प्रगती हॅण्डिकॅपरने दिलेल्या गुणांपेक्षा वेगाने होते आहे काय? तीन-चार वर्षांच्या वाढत्या घोड्याबाबत हे संभवते, सात वर्षांच्या मुरलेल्या घोड्याबाबत सहसा नाही. याउलट सलग पाच-सहा वेळा पिछाडीस राहिलेल्या घोड्याचे गुण उतरत जातात आणि एके दिवशी तो आपल्या कुवतीपेक्षा खालच्या वर्गात, हलक्या वजनाने उभा ठाकतो. त्याच्या नावापुढे शून्यांची रांग पाहून सामान्य प्रेक्षक त्याला गाळतो. जाणकार मात्र तेथेच थांबून मागची पाने उलटतो. बाराशे मीटरसारख्या छोट्या अंतरावर सव्वा ते दीड किलो वजन म्हणजे एका घोड्याची लांबी, असा जुना ठोकताळा आहे. तो काटेकोर नाही, पण मानेच्या अंतराने हरलेल्या घोड्याला या वेळी दोन किलो कमी असतील, तर दखल घ्यायलाच हवी.

मागील कामगिरी वाचताना मैदानाचाही विचार करावा लागतो. पश्चिम भारतातील हंगाम साधारणत: जुलै ते ऑक्टोबर पुण्यात आणि नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत असतो. पुण्यात पावसाने मऊ झालेल्या हिरवळीवर जिंकलेला घोडा डिसेंबरात मुंबईच्या टणक जमिनीवर तसाच धावेल, याची शाश्वती नसते. आतील कठडा पुढे सरकवून मार्ग अरुंद केला आहे काय, सुरुवातीच्या फाटकात घोड्याला आतला क्रमांक मिळाला की बाहेरचा, याचीही नोंद हवी. छोट्या शर्यतीत वाईट क्रमांक मिळालेल्या घोड्याला सावरायला वेळच मिळत नाही.

या साऱ्याइतकाच महत्त्वाचा आधार म्हणजे पहाटेचा सराव. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत घोडे वाळूच्या मार्गावर पळवले जातात आणि घड्याळ लावून बसलेली मंडळी त्यांच्या वेळा टिपतात. '८०० मीटर ५२ सेकंद, ६०० मीटर ३९ सेकंद, सहज' अशी ती नोंद असते. या नोंदीत आकड्यापेक्षा शेवटचा शब्द मोलाचा. तीच वेळ घोड्याने 'सहज' दिली की त्याला 'रेटावे लागले', यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाठीवर जॉकी होता की तबेल्यातील रायडिंग बॉय, हेही पाहावे लागते. रायडिंग बॉय जॉकीपेक्षा बराच जड असू शकतो आणि मग साधी दिसणारी वेळही उत्तम ठरते. शिवाय ट्रेनरही काही दुधखुळे नसतात. पहाटे कोणीतरी घड्याळ लावून बसले आहे, हे त्यांनाही ठाऊक असते.

जॉकीची निवड हा आणखी एक बोलका पुरावा. एकाच ट्रेनरचे दोन घोडे एका शर्यतीत असतील, तर तबेल्याचा मुख्य जॉकी कोणावर बसतो, याकडे साऱ्यांचे लक्ष असते. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते. त्यामुळे वरकरणी दुय्यम वाटणारी नेमणूक कधी मुद्दाम केलेली असते. पहिल्यांदाच बांधलेली डोळ्यांवरची झापड, म्हणजे ब्लिंकर्स, हाही असाच संकेत. भटक्या वृत्तीचा घोडा त्यामुळे एकदम सुधारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

इंडियन डर्बी या चौकटीत बसत नाही. १९४३ पासून होणाऱ्या या २४०० मीटरच्या शर्यतीत चार वर्षांचे घोडे धावतात आणि घोड्यांना मिळणारी वजनातील सवलत माद्यांपुरतीच असते. हॅण्डिकॅपरची ढवळाढवळ नसल्याने तेथे गुणवत्तेला अधिक वाव असतो. अडचण वेगळीच असते. यातील अनेक घोडे एवढे अंतर पूर्वी कधी धावलेलेच नसतात. मग सोळाशे मीटरच्या गिनीज शर्यतींतील शेवटचे दोनशे मीटर आणि घोड्याचे कूळ पाहून त्याच्या दमाचा अंदाज बांधावा लागतो.

इतके करूनही रकाना लिहिणाऱ्याची एक मर्यादा उरतेच. तो आदल्या संध्याकाळी लिहितो. दुसऱ्या दिवशी पॅडॉकमध्ये घोडा घामाने निथळत आला, ऐनवेळी जॉकी बदलला किंवा एखादा तगडा प्रतिस्पर्धी माघारी गेला, तर छापील नावांना ते कळत नाही. प्रत्यक्ष मैदानावर उभ्या असलेल्या वाचकाजवळ त्या क्षणी पत्रकारापेक्षा अधिक माहिती असते.

दुसरी अडचण पैशाची आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. टोटवर सर्वांचे पैसे एका गंगाजळीत जमतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. म्हणजेच एका घोड्यावर जितके लोक पैसे लावतील, तितका त्याचा भाव पडतो. सर्व वृत्तपत्रांनी एकच नाव दिले, तर ते नाव बरोबर असूनही तोट्याचे ठरू शकते. समजा, एखाद्या घोड्याला जिंकण्याची तीनात एक संधी आहे. सर्वाधिक पसंतीच्या घोड्यांचे जगभरातील प्रमाण साधारण तेवढेच असते. त्याचा भाव दहा रुपयांमागे २४ रुपये असेल, तर तीन वेळा मिळून ३० रुपये घालून हाती २४ येतात. भाकीत चुकलेले नाही, तरीही सहा रुपये गेले. हाच घोडा ३५ रुपये देणार असता, तर गोष्ट निराळी होती. रकान्यात भाव नसतो, नाव असते. ही त्यातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

करांनी हे गणित आणखी अवघड केले आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा शर्यतीवरील पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के आकारणी सुरू झाली. सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि त्यातून हरलेल्या पैजांची वजावटही मिळत नाही. घोड्यांच्या शर्यती हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात दिला होता. न्यायालयाने मान्य केलेल्या या कौशल्याला आता प्रत्येक पैजेमागे एवढा अडथळा ओलांडून मगच नफ्याचा विचार करावा लागतो. त्यातून काहीजण कर चुकवणाऱ्या बेकायदा बुकींकडे वळतात. तेथे जिंकलेले पैसे मिळाले नाहीत, तर दाद मागायची कोठे, हा प्रश्नच असतो.

जॅकपॉटचा मोह याच हिशेबाने तपासावा. पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे आणि प्रत्येकात तीनात एक संधी धरली, तर पाचही बरोबर येण्याची शक्यता २४३ मध्ये एक. म्हणूनच मुरलेले खेळाडू एखाद्या शर्यतीत एकच घोडा पक्का धरतात आणि अवघड शर्यतींत तीन-चार नावे घेतात. तो पक्का घोडा चुकला की सारे तिकीट कागद होते.

तेव्हा रकाना वाचताना लेखकाने कोठे ठाम भाषा वापरली आहे आणि कोठे 'शर्यत खुली आहे' असे लिहिले आहे, हे आधी पाहावे. आठ शर्यतींपैकी दोन-तीन ठिकाणीच त्याला खरोखर काही सापडलेले असते. उरलेल्या ठिकाणी तीन नावे द्यावीच लागतात, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही.