औद्योगिक रेडिओवरून इथरनेट : उल्हास खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर सुमारे १० किलोमीटरच्या पट्ट्यात वसली आहेत. बदलापूर येथे उल्हास नदीवरील बंधाऱ्यातून उचललेले पाणी शहरांकडे जाते; तर बारवी धरणाच्या आधारावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांना व उल्हासनगराला पाणी पुरविते. अशा व्यवस्थेत धरण, उपसा केंद्र, शुद्धीकरण केंद्र व उंच टाक्या एकमेकांपासून दूर असतात. त्या सर्वांची मापे एका नियंत्रण कक्षात वेळेवर पोहोचली पाहिजेत. तार टाकणे जेथे खर्चाचे किंवा धोक्याचे असते, तेथे औद्योगिक रेडिओ उपयोगी पडतो. तथापि, हे यंत्र केवळ जोडून भागत नाही. त्याची मांडणी कोणत्या तत्त्वावर करावी, हे येथे पाहावयाचे आहे.

इथरनेटचा जन्म तारेवर झाला असला, तरी त्याची मूळ कल्पना बिनतारी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओद्वारे मध्यवर्ती संगणकाशी जोडली. त्या ‘अलोहा’ जाळ्याचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये आपल्या तारजाळ्याला ‘इथर’ या जुन्या भौतिक कल्पनेवरून नाव दिले. प्रकाश वाहून नेणारे म्हणून मानलेले ते सर्वव्यापी माध्यम विज्ञानाने केव्हाच त्याज्य ठरविले होते. शब्द मात्र तारेच्या आश्रयाने टिकला. आज इथरनेट रेडिओवर चढते, तेव्हा एका अर्थाने ते माहेरी परतते.

परंतु माहेरची वाट अरुंद आहे. इथरनेटची सर्वांत मोठी सामान्य फ्रेम १५१८ बाइटांची, म्हणजे १२,१४४ बिटांची असते. सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर तिला सेकंदाचा सुमारे आठ-हजारावा भाग पुरतो. सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या रेडिओवर तिलाच सव्वा सेकंदाहून अधिक काळ लागतो. याउलट, टाकीची पातळी सांगणारा ७५ बाइटांचा संदेश त्याच रेडिओवर सुमारे ०.०६ सेकंदात जातो. म्हणून मांडणीचा पहिला प्रश्न, काय पाठवावे हा नसून काय पाठवू नये, हा आहे.

भाषाव्यवहारात एखाद्यास उद्देशून बोलणे व सर्वांना उद्देशून घोषणा करणे यांत जो भेद आहे, तोच येथे महत्त्वाचा ठरतो. जाळ्यातील यंत्रे ‘हा पत्ता कोणाचा?’ असे वारंवार सर्वांना विचारत असतात. तारेवर हा गलबला जाणवत नाही. रेडिओवर मात्र तो कामाचे बोलणे बुडवितो. रेडिओ सेतूच्या रीतीने चालविल्यास दोन्ही बाजू एकाच जाळ्यात येतात आणि ही घोषणाही पलीकडे जाते. तो मार्गदर्शकाच्या रीतीने चालविल्यास प्रत्येक बाजूचे जाळे वेगळे राहते व आवश्यक तेवढेच संदेश सीमा ओलांडतात. अरुंद वाहिनीवर दुसरी रीत श्रेयस्कर होय. पहिली पत्करल्यास चाळणीचे नियम कडक ठेवावे लागतात.

दुसरी बाब प्रतीक्षेची. समजा, २० केंद्रांना आळीपाळीने विचारावयाचे असून प्रत्येकास अर्धा सेकंद लागतो. तर पूर्ण फेरीस १० सेकंद हवेत. नियंत्रण कक्षातील यंत्रास पाच सेकंदांची फेरी आखून दिली, तर उत्तर येण्यापूर्वीच पुन्हा प्रश्न जातो आणि वाहिनी आपल्याच पुनरुक्तीने भरते. मध्ये त्याच वारंवारतेवरील पुनःक्षेपक असेल, तर प्रत्येक संदेशाचा हवेतील काळ दुप्पट धरावा लागतो.

तिसरी बाब स्थलाची व कायद्याची. अमेरिकेसाठी बनविलेले पुष्कळ रेडिओ ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल सेवेचा आहे. परवान्याविना ठरावीक शक्तीपर्यंत वापरता येतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. या वारंवारतेवर १० किलोमीटरच्या अंतरात मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे २९ मीटर त्रिज्येचे क्षेत्र शक्य तितके मोकळे असावे लागते. केवळ समोरचे टोक दिसते म्हणून जोडणी होईल, असे मानणे चूक ठरते. नव्या उंच इमारती उभ्या राहणाऱ्या या पट्ट्यात तर ही पाहणी पुनःपुन्हा करणे प्राप्त आहे. संदेश गुप्तलिपीत पाठविणे व यंत्राचा मूळ परवलीचा शब्द बदलणे हेही तितकेच अगत्याचे. कारण हवेतील बोलणे कोणासही ऐकू जाते.

या साऱ्याचे मोल पावसाळ्यात कळते. २०१९ च्या २७ जुलै रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस शेकडो प्रवाशांसह अडकून पडली होती. अशा रात्री पाण्याची पातळी मिनिटामिनिटाला बदलते. तेव्हा गर्दीने भरलेल्या वाहिनीतून उशिरा पोहोचलेले माप खोटे नसते, पण ते शिळे असते. आणि पडद्यावर शिळे माप ताज्यासारखेच दिसते. म्हणून प्रत्येक मापासोबत त्याची वेळ नोंदलेली असावी व विलंब झाल्यास पडद्यावर तसा इशारा उमटावा. कमी बोलणारा, पण वेळेवर बोलणारा रेडिओ हीच सुरचित मांडणीची कसोटी होय.