पक्षाला देणगी, उद्योगाला परवाना : कोलकात्यातील जुना इशारा

कोलकाता – राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात, यासाठी आपल्या नियमांत बदल करण्याची परवानगी इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीने कलकत्ता उच्च न्यायालयाकडे मागितली होती.

१९५१ च्या कायद्यानुसार तेव्हा नव्या पोलाद कारखान्यास सरकारी परवाना लागे. देणगी घेणारा पक्षच सत्तेत असेल, तर परवाना गुणवत्तेवर मिळेल का, हा खरा प्रश्न होता. पैशाने सरकारचे मन वळवणे प्रशासन आणि व्यापार, दोहोंनाही घातक आहे, असा इशारा न्यायमूर्ती पी. बी. मुखर्जी यांनी १९५७ मध्ये दिला.

कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये देणगीची कमाल मर्यादाही गेली. निवडणूक रोख्यांसह हा बदल सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केला.