४९ द्या, ५२ घ्या

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या अल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमध्ये पिशवीत दूध-ब्रेड भरत असताना काउंटरवरून हमखास विचारणा होते, ‘कोपझेखल्स?’ गावात नवा आलेला मराठी माणूस ही कसली तरी वर्गणी असावी, अशा समजुतीने हात हलवून नको म्हणतो आणि बाहेर पडतो. आपण नक्की कशाला नको म्हटलं, हे नंतर कळतं तेव्हा मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं.

कोपझेखल म्हणजे विकत घ्यायचं तिकीट. खरेदीच्या दर पूर्ण युरोमागे १० सेंटचं एक. वहीत ४९० तिकिटं मावतात, म्हणजे वही भरली की तुमचे ४९ युरो तिच्यात गेलेले असतात. भरलेली वही दुकानात द्यायची आणि ५२ युरो घ्यायचे. कूपन नव्हे, अमुक वस्तूवर सूट नव्हे, रोख पैसे. (हीच वही आता फोनमधल्या ॲपातही भरते, चिकटवाचिकटवी नको.)

वरचे युरो तीनच. पण या तिनांकडे जितक्या बाजूंनी पाहावं तितके ते वेगळे दिसतात, आणि गंमत अशी की प्रत्येक बाजू खरी आहे.

पहिली बाजू सरळ आहे. ४९ वर ३, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडं जास्त. पण हे सहा टक्के वर्षाचे नाहीत, वहीचे आहेत. समजा, घरात आठवड्याला १०० युरोंचा किराणा लागतो. मग आठवड्याला १० युरोंची तिकिटं होतात आणि पाच आठवड्यांत वही भरते. पहिल्या आठवड्यात दिलेले १० युरो महिनाभर अडकतात, शेवटच्या आठवड्यातले तर जवळजवळ अडकतच नाहीत. सरासरी काढली तर तुमचा पैसा दुकानाकडे दोन-अडीच आठवडेच राहतो. दोन-अडीच आठवड्यांना सहा टक्के! वर्षाच्या हिशोबात हा दर सव्वाशे टक्क्यांच्या वर जातो. असं व्याज सावकाराने लावलं तर आपण पोलिसांत जाऊ; इथे ते आपल्याला मिळतंय, तेही कांदे-बटाटे घेता घेता.

हरखून जाण्याआधी दुसरी बाजू पाहावी. वही भरायला ४९० युरोंची खरेदी करावी लागते. ४९० वर ३ म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. आठवड्याला १०० युरो खर्चणाऱ्या घराला वर्षाकाठी दहा-साडेदहा वह्या, म्हणजे ३२ युरोंच्या आसपास मिळतात. व्याजाचा दर डोळे फिरवणारा, पण मुद्दल चिमूटभर. शिवाय ते वाढवायची मुभा नाही: तिकीट खरेदीच्या प्रमाणातच मिळतं, त्यामुळे घर विकून कोपझेखल्स घेता येत नाहीत.

आपल्याकडच्या सोनाराच्या योजनेत हेच गणित उलट्या अंगाने दिसतं. अकरा हप्ते तुमचे, बारावा सोनाराचा. प्रत्येक हप्ता सरासरी सहा महिने त्याच्याकडे राहतो, तेव्हा अकरावर एक हा लाभ वर्षाला अठरा टक्क्यांच्या घरात जातो. दर कोपझेखलपेक्षा कितीतरी कमी, रक्कम मात्र कितीतरी मोठी. पण शेवटी हातात रोकड येत नाही, त्याच पेढीवर दागिना घ्यावा लागतो, आणि घडणावळीचा दर ठरवणारा सोनारच. अकरा महिन्यांचा आकडाही हवेतून आलेला नाही. कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या २०१४ च्या नियमांनुसार मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि कायद्याचा सगळा जाच सुरू होतो.

मग एवढं व्याज देऊन अल्बर्ट हाइनला मिळतं काय? १८८७ मध्ये ओस्टझान गावातल्या एका छोट्या किराणा दुकानापासून सुरू झालेली ही पेढी धर्मादाय नाही. तिला मिळते तुमची पुढची खेप. ३१२ तिकिटांवर अडकलेली वही घरात असताना समोरच्या दुकानात दूध दोन सेंटने स्वस्त असलं, तरी पाय तिकडे वळत नाहीत.

हे पाय कसे वळतात, याचा एक फार सुंदर प्रयोग २००६ मध्ये जोसेफ नुनेस आणि झाविएर द्रेझ या अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका गाड्या धुण्याच्या केंद्रावर त्यांनी ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामी घरं होती. उरलेल्यांच्या कार्डावर दहा घरं, पण त्यांतल्या दोनांवर आधीच शिक्के. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांनी. दोन फुकट शिक्क्यांचं मोल शून्य; पण काम आधीच सुरू झालंय असं वाटलं की माणूस ते अर्धवट टाकत नाही. पुढे एखाद्या ॲपने ‘स्वागताचे पॉइंट’ दिले, तर हे कार्ड आठवावं.

डच लोकांना हा छंद जुना. डाउवे एखबर्ट्स या कॉफीवाल्यांनी १९२४ पासून पाकिटावर पॉइंट छापायला सुरुवात केली. ते कात्रीने कापून साठवायचे आणि कप, चमचे घ्यायचे. आजही काउंटरवर दुसऱ्या जातीची तिकिटं मिळतात, स्पारझेखल्स. ती फुकट असतात आणि पुरेशी जमली की सुऱ्यांवर, भांड्यांवर, टॉवेलांवर सूट मिळते. ऐकायला दोन्ही ‘झेखल्स’, पण स्वभाव वेगळे. पहिल्यात पैसा परत येतो. दुसऱ्यात बहुधा पदरचे आणखी पैसे घालावे लागतात, आणि घरात सहा सुऱ्या असताना सातवी येते. माझं मत विचाराल तर पहिली घ्यावीत, दुसरी मागे उभ्या असलेल्या आजींना देऊन टाकावीत. त्या खूश होतात.

खरा पैसा मात्र तिकिटांत नाही, बोनसकार्टमध्ये आहे. १९९८ साली आलेलं हे कार्ड फुकट मिळतं आणि ते दाखवल्याशिवाय बोनसची, म्हणजे सवलतीची, किंमत लागत नाही. म्हणजे कार्डवाल्याला सूट मिळते, असं म्हणा किंवा बिनकार्डवाल्याला दंड पडतो, असं म्हणा. फळीवरच्या पाट्या मात्र नीट वाचाव्या लागतात. ‘एक घ्या, एक फुकट’ म्हणजे ५० टक्के. ‘दोनांवर एक फुकट’ म्हणजे ३३. ‘दुसरी वस्तू निम्म्या किमतीत’ ही पाटी ५० चा आव आणते, पण सूट २५ चीच. समजा, आठ युरोंची कॉफी एकावर एक मिळाली, तर त्या एका फेरीत पूर्ण वहीपेक्षा जास्त वाचतं. आणि न लागणारं चार युरोंचं चीज पिशवीत पडलं, तर वही गेली.

‘आधी इतकी, आता इतकी’ अशी किंमत लिहायची असेल, तर ‘आधीची’ किंमत म्हणजे मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत धरायची, असा युरोपीय नियम नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. किंमत आठवडाभर फुगवून मग ती ‘उतरवण्याची’ वाट त्याने बंद केली. त्याहून उपयोगी वस्तू म्हणजे पाटीच्या कोपऱ्यातला बारीक आकडा, किलोचा किंवा लिटरचा भाव. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं ही समजूत तो आकडा कित्येकदा मोडतो.

एवढं करूनही मराठी घराच्या यादीचा मोठा भाग या सगळ्यातून निसटतो. तूरडाळ, जाडे पोहे, कढीपत्ता यांसाठी शेजारच्या हेगमधल्या पॉल क्रुखरलानकडे जावं लागतं. सुरीनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांनी दुकानं थाटलेल्या त्या रस्त्यावर कार्ड कुणी विचारत नाही. जवळच हाख्से मार्क्ट हा बाजार भरतो, सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. संध्याकाळी गाळे आवरायला लागले की उरलेली भाजी-फळं विक्रेते मिळेल त्या भावात काढतात, आणि त्यापुढे कुठलाही बोनस फिका पडतो. तेव्हा शनिवारी आधी हा बाजार करावा आणि तिथे न मिळालेल्या जिनसांपुरतंच कार्ड बाहेर काढावं. वही दोन-तीन आठवडे उशिरा भरेल, भरू द्यावी.